थेंबाखालचा दगड

"तुम्ही अमेरिकेत काय नोकरी करायचात?" नागपूरला लग्नकार्याला गेले की हा प्रश्न मला हमखास येतो. "दगडांचं ऐकायचे," असं मी सांगते आणि विचारणारीचा चेहरा बघत बसते. काही जणी हसतात, काही जणी माझ्या नवऱ्याकडे सहानुभूतीने बघतात. एकीने तर बोटातली पुष्कराजाची अंगठी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "बघा बरं, माझ्यावर का रुसलाय हा."

उत्तरात थाप नाही. माझी उमेदीची वर्षं खरोखरच दगडांचं ऐकण्यात गेली. मी मूळची नागपूरची. भूशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्न झालं आणि शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल नावाच्या गावात येऊन पडले. तिथं एका तेलकंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत दगड कापायची आणि घासून गुळगुळीत करायची नोकरी मिळाली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे एक नवं यंत्र आलं. अकूस्टिक मायक्रोस्कोप, म्हणजे उजेडाऐवजी आवाजाने बघणारा सूक्ष्मदर्शक. दगड नीट घासलेला नसेल तर या यंत्राला काही म्हणजे काही कळत नाही, आणि घासण्यात तिथं माझा हात धरणारं कुणी नव्हतं. तेव्हा यंत्रही माझ्याकडेच आलं. यात थोडी बढाई आहे, पण आता या वयात ती खपवून घ्यावी.

यंत्र समजायला अवघड नाही. माठ घेताना आपण त्याला टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठंतरी भेग आहे. आमचं यंत्र हेच करायचं, फक्त माठाऐवजी दगडाचा नखाएवढा तुकडा आणि कुठल्याही कानाला ऐकू येणार नाही इतक्या वरच्या पट्टीतला आवाज. कृत्रिम नीलमाची एक छोटी कांडी असे. तिच्या खालच्या टोकाला वाटीसारखा बारीक खळगा. वरून विजेने तिला थरथरवायचं, की आवाज त्या खळग्यातून एका बिंदूवर गोळा होऊन दगडावर आपटे आणि परत येई. कांडी रेघेरेघेने फिरत राही आणि शेजारच्या पडद्यावर काळंपांढरं चित्र उमटत जाई.

मात्र असला आवाज हवेतून जात नाही. म्हणून कांडी आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा एक थेंब ठेवावा लागे. सगळा खेळ त्या थेंबाचा. त्यात हवेचा बुडबुडा राहिला की चित्राचा बट्ट्याबोळ. म्हणून मी पाणी उकळून घ्यायची, आणि माझा बॉस वॉल्ट दारातून डोकावून रोज विचारायचा, "नीला, चहा झाला का?" वॉल्ट मिनेसोटाचा, अंगाने आडवा, बोलायला सावकाश. हा एकच विनोद त्याने मला अनेक वर्षं पुरवला.

उजेडाला दिसतं ते वेगळं आणि आवाजाला कळतं ते वेगळं. एखादी भेग इतकी घट्ट मिटलेली असते की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचा मागमूस लागत नाही. पण दगडाच्या पृष्ठभागावरून धावणारा आवाज तिथं अडतो, मागे फिरतो, आणि पडद्यावर भेगेच्या दोन्ही अंगांना बारीक समांतर पट्टे उमटतात. उलट डोळ्याला ठळक दिसणारी रेघ कधी नुसतीच रंगाची असते, आवाज तिच्यावरून बिनदिक्कत निघून जातो. आमचा नियम सोपा होता. पट्टे दिसले तर भेग, नाही दिसले तर नाही. तेल जमिनीखाली तळं करून बसलेलं नसतं, ते दगडाच्या कणांमधल्या असल्याच फटींत भरलेलं असतं, म्हणून कंपनीला या फटींचं एवढं कौतुक.

दुसरा नियम माझा स्वतःचा. दगड कापायचा तर दोन चकत्या कापायच्या. एक कामाला, एक ठेवणीतली. कामाची चकती घासण्यात, भिजण्यात, हाताळण्यात खर्ची पडते, आणि मग पहिल्यापासून बघायची वेळ आली की हातात काही उरत नाही.

आमच्याकडे बाहेरची गिऱ्हाइकंही कधीमधी यायची. एकदा एका कर्लिंग क्लबचे गृहस्थ आले. कर्लिंग हा बर्फावर जड गोल दगड घसरवण्याचा खेळ आहे, आणि ते दगड लोक जिवापाड जपतात. या गृहस्थांनी आपला दगड टॉवेलमध्ये गुंडाळून तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता. तो दुसऱ्या दगडावर आपटल्यापासून त्याचा आवाज बदललाय, आत भेग आहे का बघा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बघते, पण आधी कापावा लागेल. त्यांनी दगड पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळला, थँक यू म्हणाले आणि निघून गेले. आमच्या धंद्यातली अडचण ही अशी. दगड अखंड आहे का हे सांगायला तो आधी तोडावा लागतो.

आणि एकदा खुद्द वॉल्टची फजिती झाली. खोल विहिरीतून काढलेल्या शेलचा एक तुकडा होता. शेल म्हणजे चिखल दडपून झालेला, पापुद्र्यांचा दगड. त्याचं चित्र घेतलं तर भेगांचं जाळंच्या जाळं. वॉल्ट हरखला. एवढ्या भेगा म्हणजे तेलाला वाट मोकळी. त्याने मुख्य कचेरीत सांगायची तयारीही सुरू केली. मी मात्र जेवून आल्यावर तेच चित्र पुन्हा घेतलं, तर भेगा वाढलेल्या. तिसऱ्यांदा घेतलं, आणखी वाढलेल्या. एवढ्यात माझ्या लक्षात आलं की आमचा थेंब कमी होतोय. दगडातली माती पाणी पिऊन फुगत होती आणि दगड आमच्या डोळ्यांदेखत उकलत होता. विहिरीतून आला तेव्हा त्यात एकही भेग नव्हती. ऐकण्यासाठी जो थेंब ठेवला, त्यानेच सगळं केलं होतं.

वॉल्ट चार दिवस तोंड पाडून होता. मग म्हणाला, "यापुढे प्रत्येक दगडाला आधी विचारायचं, पाणी चालतं का." तेव्हापासून शेल आला की आम्ही पाण्याऐवजी स्पिरिट वापरायचो. चित्र जरा धूसर यायचं, पण खरं यायचं.

हे सगळं मी सांगितलं ते दिगंबरकाकांच्या पिंडीसाठी.

दिगंबरकाका पुराणिक साताऱ्याकडचे, निवृत्त मुख्याध्यापक. काकू गेल्यावर त्यांचा मुलगा शरद त्यांना नेपरव्हिलला घेऊन आला. तिकडचं घर विकून आवरलं. इकडे शरद आणि त्याची बायको वंदना दिवसभर नोकरीवर, नात शाळेत, बाहेर बर्फ, आणि चालत जावं असं एकही ठिकाण नाही. काका खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. मला एकदा म्हणाले, "नीला, इथं माझं सगळं चांगलं आहे. फक्त सकाळी उठून करायचं काय, एवढं कुणी सांगत नाही."

मग गावाबाहेरचं एक जुनं चर्च विकायला निघालं आणि तिथल्या मराठी मंडळींनी वर्गणी काढून ते देवळासाठी घेतलं. देव कोणता यावर दत्तवाले, देवीवाले आणि गणपतीवाले असे तट पडले. काकांनी शांतपणे सांगितलं, "शंकर ठेवा. त्याचं कुणाशी भांडण नाही, आणि त्याला पाण्याशिवाय काही लागत नाही." सगळे थकलेले होते, म्हणून एकमत झालं. काका मुद्दाम साताऱ्याला जाऊन आले. खाणीत उभं राहून त्यांनी स्वतः काळा पाषाण निवडला, पाथरवटाकडून पिंड घडवून घेतली आणि जहाजाने पाठवली. परत आले ते वेगळेच होऊन आले. कोटाच्या खिशात कायम मोजपट्टी, जिथंतिथं मापं घेणं चाललेलं.

पेटी शरदच्या गॅरेजमध्ये उघडली. भुसा झटकून वंदनाने पिंड ओल्या फडक्याने पुसली. ओल्या काळ्या दगडावर डोक्यापासून खालपर्यंत एक पांढरट रेघ दिसायला लागली. केसाहून थोडी जाड.

"ही तर क्रॅक आहे," कुणीतरी म्हणालं.

"जहाजात आपटली असणार. इन्शुरन्स क्लेम करून टाकू."

"अरे यार, क्लेम कसला करतोस, भंगलेली पिंड बसवता येत नाही. विसर्जन करावं लागेल."

"कुठं? लेक मिशिगन फ्रोझन आहे."

आमचे गुरुजी आठवडाभर टेलिफोन कंपनीत इंजिनिअर आणि रविवारी गुरुजी. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, भेग असेल तर नाही, नुसती रेघ असेल तर हरकत नाही. पण ती काय आहे हे त्यांना सांगता येईना. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. शरद म्हणाला, "नीला, तुझ्याकडे ते साउंडचं मशीन आहे ना. जरा चेक करून सांग ना."

मी काकांकडे पाहिलं. ते पिंडीकडे बघत नव्हते, बाहेरच्या बर्फाकडे बघत होते. म्हणाले, "नसेल जमायचं तर मी परत जातो. पुतण्याच्या माडीवर एक खोली आहे. तो काही नाही म्हणणार नाही." तो हो म्हणेल असं मात्र ते म्हणाले नाहीत. शरदने मान फिरवली.

आता कर्लिंगवाल्या गृहस्थांचीच गोष्ट पुन्हा आली. तपासायला तुकडा हवा, आणि तुकडा काढला की पिंड खंडित. मी हे सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा एकदम मुख्याध्यापकाचा झाला.

"प्रतिष्ठा झाली आहे का अजून? नाही. म्हणजे हा अजून दगड आहे. पाथरवटाने छिन्नीने त्याचे किती ढलपे उडवले, त्यातला आणखी एक समज."

पिंडीचा खालचा भाग चौकोनी असतो. तो शाळुंकेच्या आत बसतो, कुणाला दिसत नाही. रेघ तिथपर्यंत उतरली होती. मी शनिवारी हिऱ्याच्या पात्याची करवत घेऊन गेले. शरद तांब्यातून पात्यावर पाणी सोडत होता, काका ओव्हरकोट आणि माकडटोपी घालून खुर्चीत बसले होते आणि पुटपुटत होते. मी तळाच्या एका कोपऱ्यातून रेघेसकट बोटभर लांबीच्या दोन चकत्या काढल्या.

"दोन कशाला?" काकांनी विचारलं.

"एक कामाला, एक ठेवणीतली."

"बरोबर," ते म्हणाले, जणू मी पाढा नीट म्हटला होता.

प्रयोगशाळेत वॉल्टला सगळं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत यंत्र रिकामं असतं, वापर म्हणाला. मग त्याने विचारलं, "नीला, तुमचा देव तुटू शकतो?"

"देव नाही, दगड."

"मग ठीक आहे. दगडाचं आपण बघू," वॉल्ट म्हणाला, आणि डबा घेऊन माझ्या शेजारीच बसला.

चकती मी जीव ओतून घासली. थेंब सोडला, कांडी खाली आणली आणि चित्र उमटायला लागलं. काळ्या पाषाणाच्या बारीक कणांची नक्षी, आणि तिच्यातून गेलेली ती रेघ. दख्खनचा हा दगड मला लहानपणीच्या ओळखीचा. कधीकाळी त्याच्यात चीर पडली असणार, आणि जमिनीखालच्या पाण्याने आपल्याबरोबर आणलेल्या पांढऱ्या खनिजाने ती भरून काढली असणार. सुयांसारखे स्फटिक दोन्ही कडांना असे गुंतून बसले होते की कुठला कुठून आला हे कळू नये. पट्टा एकही नाही. आवाज रेघेवरून सरळ निघून जात होता. ही भेग नव्हती, भरून आलेली जखम होती. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच काकांना फोन लावायला उठले.

"एक सांग," वॉल्टने सँडविच खाता खाता विचारलं, "या दगडाचं तुम्ही करता काय?"

मी सांगायला लागले. त्याच्यावर बेलाची पानं वाहतात, भस्म लावतात. वर तांब्याचं भांडं टांगलेलं असतं, त्याच्या बुडाला बारीक भोक, आणि त्यातून थेंब थेंब पाणी सारखं दगडावर पडत असतं. एवढं बोलले आणि मीच थांबले. कांडीखाली आमचा थेंब लोंबत होता. वॉल्टचंही चघळणं थांबलं. आम्हा दोघांच्या डोक्यात तोच शेलचा तुकडा आला होता.

फोन मी केला नाही. चकती पाण्याच्या वाटीत ठेवली आणि काही दिवस तिच्याकडे बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा कांडीखाली घेतली. रेघेच्या एका अंगाला, पांढरं खनिज आणि काळा दगड यांच्या सांध्यावर, पट्टे दिसत होते. फिकट होते, पण होते. भिंग घेऊन बघितलं तेव्हा सांध्यात कागदाहून पातळ हिरवट थर दिसला. नागपूरला प्रात्यक्षिकाच्या तासाला हीच हिरवी माती आम्ही सुईने खरवडून काढायचो. ती पाणी पीत होती.

म्हणजे दगड चांगला होता. कोरडा ठेवला तर माझ्या पणतवंडांना पुरून उरला असता. पण ज्या कामासाठी आणला त्याच कामाने तो उकलणार होता. किती वर्षांत, हे मला सांगता येत नव्हतं. आजही सांगता येणार नाही. यंत्र भेग आहे की नाही ते सांगतं, मुहूर्त सांगत नाही.

माझा नवरा सुधीर मवाळ माणूस. तो म्हणाला, "सांगू नकोस ना. काकांच्या हयातीत काही होणार नाही. त्यांना बसवू दे ती पिंड." मी रागावले. राग त्याचा नव्हता, त्याचं म्हणणं मला पटत होतं म्हणून होता. पण चित्र डोळ्यासमोरून हलेना. मी जे ऐकलं ते ऐकलं नाही असं म्हणायला मला येत नाही. ज्या दिवशी ते जमेल त्या दिवशी माझ्या यंत्राची आणि माझी किंमत शून्य.

मी काकांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. दारात त्यांनी बूट काढले. वॉल्टने त्यांना नम्रपणे सांगितलं की इथं बूट घालावेच लागतात, नियम आहे, आणि स्वतः वाकून ते त्यांच्या पुढे ठेवले. मी काकांना दोन्ही चित्रं दाखवली, भिजण्याआधीचं आणि नंतरचं. पट्टे दाखवले. ते चष्मा वर-खाली करत बघत राहिले.

"हा दगड तिकडे एवढे पावसाळे खाऊन आला. तेव्हा नाही उकलला?"

"तेव्हा चहूबाजूंनी डोंगराने आवळून धरला होता, काका. आता मोकळा आहे. फुगायला जागा मिळाली."

"म्हणजे दगडात खोट नाही. पाणीच त्याला चालत नाही."

"हो."

"शंकराला पाणी चालत नाही," ते हळूच म्हणाले. मला वाटलं, सुधीरचं ऐकायला हवं होतं. त्यांनी कांडीखालच्या थेंबाकडे बोट केलं आणि विचारलं, "आणि हे काय चाललंय मग?"

"ऐकायला थेंब लागतो, काका. त्याशिवाय दगड बोलत नाही."

मी काकांना घरी सोडलं. गाडीतून उतरताना एवढंच म्हणाले, "गुरुजींशी बोलतो."

तीन-चार दिवसांनी ते शरदबरोबर आमच्याकडे आले. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि बैठकीत ठराव वाचावा तसं सांगितलं. पिंड बसवायची. तिला बेल, फूल, भस्म, दिवा. पाणी नाही. लाकडाच्या किंवा मातीच्या मूर्तीला तरी कुठे रोज आंघोळ घालतात, तिच्यापुढे छोटी मूर्ती ठेवून त्या मूर्तीला घालतात. गुरुजींना हे मान्य आहे.

"मग छोटी पिंड पितळेची आणायची का?" मी विचारलं.

"पितळेची कशाला? तुझ्याकडे याच दगडाचा तुकडा आहे ना. वाटीत भिजवलेला. तो दे." मग म्हणाले, "त्याचा अभिषेक तर तू सुरू केलाच आहेस. आपण पुढे चालू ठेवू. उकलायचं ते इथं उकलू दे."

मी देवाधर्माची फारशी नाही. पण त्या दिवशी मला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

महाशिवरात्रीला प्रतिष्ठा झाली. पिंडीपुढे ताम्हन, ताम्हनात बोटभर लांबीची ती चकती आणि तिच्यावर टांगलेलं तांब्याचं भांडं. नव्या लोकांना हे समजावून सांगण्यात काकांना फार मजा यायची. रोज सकाळी शरद ऑफिसला जाताना त्यांना देवळात सोडायचा आणि ते दुपारपर्यंत तिथं असायचे. सकाळी उठून काय करायचं हा प्रश्न मिटला. भांड्यात पाणी भरायचं, चुकलंमाकलं बघायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच कथा सांगायची. कथेत माझा उल्लेख "आमची नीला, दगडांची डॉक्टर" असा असे.

दर वर्षी महाशिवरात्रीच्या आधी मी ती चकती रुमालात बांधून प्रयोगशाळेत न्यायची. वॉल्ट यंत्र मोकळं ठेवायचा. "पेशंट आला का?" हा त्याचा दुसरा विनोद. पट्टे दर वर्षी ठळक होत गेले, सांध्याच्या वरच्या टोकापासून खाली सरकत गेले. मी काकांना येऊन सांगायची आणि ते मान हलवायचे. खरं सांगायचं तर आपला अंदाज बरोबर येतोय याचं मला बरं वाटायचं, आणि असं बरं वाटतं याचं वाईटही वाटायचं.

दशक संपत आलं तेव्हाची महाशिवरात्र. सकाळची वेळ, देऊळ भरलेलं. काका आता बसूनच अभिषेक करायचे. गुरुजी रुद्र म्हणत होते. काकांनी तांब्या कलता केला, धार चकतीवर पडली आणि ती अलगद दोन झाली. आवाजसुद्धा आला नाही. दोन तुकडे ताम्हनात एकमेकांपासून जरा सरकले, एवढंच. गुरुजींचा आवाज थांबला. काकांची नात, तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला, माझ्या कानाशी म्हणाली, "ओह नो. इज दॅट बॅड, मावशी?"

सगळ्यांची नजर काकांवर. काकांनी मान वर करून पिंडीकडे पाहिलं. ती होती तशी उभी होती, कोरडी, काळी, भस्माचे पट्टे लावलेली, आणि तिच्या अंगावरची ती पांढरी रेघ होती तिथेच होती. मग त्यांनी ताम्हनातले दोन्ही तुकडे उचलून कपाळाला लावले आणि मला जवळ बोलावलं.

"तू सांगितलं होतंस तसंच झालं."

"हो, काका."

"रोज पाणी घातलं मी याला. सगळं यानेच सोसलं, त्याला झळ लागू दिली नाही." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज मुख्याध्यापकाचाच होता. "नीला, तू दोन काढल्या होत्यास. दुसरी आहे ना?"

होती. ठेवणीतली होती, कापली तेव्हापासून कागदात गुंडाळून माझ्या खणात. सुधीर गाडी काढून घरी गेला आणि घेऊन आला. तोवर कुणी जागचं हललं नाही. गुरुजींनी रुद्र पुन्हा पहिल्यापासून धरला. अभिषेक झाल्यावर काकांनी सांगून टाकलं की या चकतीला रोज पाणी नाही, वर्षातून एकदाच, आणि लगेच पुसून कोरडी करायची. म्हणाले, "आता हिच्यामागे ठेवणीतली नाही."

फुटलेल्या तुकड्यांपैकी एक काकांनी ठेवून घेतला आणि एक मला दिला. माझा तुकडा आमच्या खिडकीत असतो. त्याच्या उघड्या पडलेल्या अंगावर तो हिरवट थर अजून दिसतो.

पुढे प्रयोगशाळा बंद झाली. वॉल्ट मिनेसोटाला परतला. यंत्र कुणी नेलं की भंगारात गेलं, मला माहीत नाही. विचारायला हवं होतं, विचारलं नाही, याची खंत वाटते. दिगंबरकाका गेले ते नेपरव्हिललाच, शरदच्या घरी, स्वतःच्या खोलीत. पुतण्याला विचारायची वेळ आली नाही.

महाशिवरात्रीला अभिषेक आटोपला आणि गर्दी प्रसादाकडे वळली की मी ताम्हनातला तो ठेवणीतला तुकडा उचलते, नीट पुसते, तळहातावर धरते आणि नखाने त्याला टिचकी मारते. तेवढंच यंत्र आता माझ्याकडे उरलं आहे. देवळातली नवी मुलं बघत असतात, एखादा विचारतोही, मावशी, हा कुठला विधी. मी त्याला गप्प राहायला सांगते आणि कान जवळ नेते. अजून तरी तो बद्द वाजलेला नाही.